अण्णांनी नावं ठेवलेली काडतुसं

हनीफ, शेवटी तू अशा ठिकाणी जाऊन झोपलास, जिथे मला येता येत नाही. जन्मभर माझ्या खोड्या काढल्यास, आणि जाता जाता ही सगळ्यात मोठी काढून गेलास. जुबैलला गेला असतास तर मी गाडी काढून तडक आलो असतो. गावी गेला असतास तर मिळेल ते विमान पकडलं असतं. पण तू उमऱ्याच्या यात्रेला म्हणून मक्केला गेलास आणि तिथेच राहिलास. ज्याला त्याला वाटतं, हनीफ नशीबवान, अशी माती कुणाच्या वाट्याला येते? मीही मान डोलावतो. भाबीला तेवढाच आधार आहे, तो मी कशाला काढून घेऊ? पण मक्केत मुसलमान नसलेल्याला जाता येत नाही, आणि तुझ्या या सदानंदाचं नाव जन्मापासून सदानंदच आहे. तेव्हा तुला मूठमाती द्यायची माझी राहिली ती राहिलीच.

मला रडू येतंय असं वैशालीला वाटतं. ती मधूनमधून चहा आणून ठेवते. खरं सांगू? रडण्यापेक्षा राग जास्त आहे. तुला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायची नाही म्हणून मी शब्द दिला होता, आणि तो शब्द मोडावा की नाही यात मी इतकी वर्षं घालवली की तू निघून गेलास.

आपला शेवटचा वाद काडतुसांवरून चालू होता. आता हे परक्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. मी रियाधमधल्या एका बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत हिशेबनीस, तू जुबैलला कामगारांच्या बसगाड्यांचा सुपरवायझर. दोघांची पन्नाशी उलटलेली, दोघांनी या देशात बंदुकीला बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि तू सुट्टीला रियाधला आलास की ही दोन माणसं बत्हातल्या खानावळीत परोठा-खिमा समोर ठेवून रायफलच्या काडतुसांवरून हमरीतुमरीवर यायची. शेजारच्या टेबलावरची माणसं घास हातात धरून आपल्याकडे बघायची. वैशाली म्हणायची, तुम्हा दोघांना एक दिवस शुर्त्याचे पोलीस उचलून नेणार, आणि ज्याच्या व्हिसावर आलात तो कफील सोडवायलाही येणार नाही.

पण त्या वादाचं मूळ आपल्या गावात होतं.

आपल्या खाडीकाठच्या गावात रायफल एकच, माझ्या वडिलांची. अण्णांची ती तीनशे पंधराची रायफल, पीकरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं भातशेती उलथून टाकायची म्हणून सरकारने दिलेली. डुकराची परवानगी असायची, भेकराची नसायची, आणि तरी भेकरं मारली जायची. खोटं कशाला बोलू? आता तिकडे ते सगळं बंद झालं हे बरंच झालं.

मुसलमान वाडीतला तू एकटा आमच्या शिकारीत असायचास. तुझे अब्बा अण्णांचे शाळासोबती. ते मुंबईहून बोटीवर गेले ते परतलेच नाहीत, तेव्हापासून अण्णा तुला शेपटासारखं मागे घेऊन हिंडायचे. शिकारीचा आपला रिवाज तुला आठवतो. बार टाकणाऱ्याला एक वाटा जास्त, बाकी हाकारे घालणारा असो की वाट अडवून बसणारा, सगळ्यांना सारखा. कुत्र्यांनासुद्धा वाटा. आणि अर्धं मटण त्याच दिवशी आमच्या खळ्यात शिजायचं, सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवायचं. पंगतीत एकाचं पान वेगळं, असं अण्णांना खपायचं नाही. डुकराच्या दिवशी तू हाकारे घालून परस्पर घरी जायचास, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण भेकर पडलं की त्यात जीव असेतो त्याच्या गळ्यावरून सुरी फिरायला हवी. नाहीतर ते तुला चालायचं नाही. गोळीने मेलं ते मेलं, असं आपल्या गावचे मौलाना सांगत.

म्हणून बार झाला की सगळ्यांच्या आधी धावायचास तू. कमरेला ती छोटी सुरी, लुंगी वर खोचलेली, आणि करवंदीच्या जाळ्यांतून, घळीतून, दगडांवरून तू असा सुटायचास की कुत्री मागे पडायची. मी तुझ्या मागे. तुझ्या नडग्या कायम ओरबाडलेल्या असायच्या. एकदा भेकर खाली ओढ्यापर्यंत गेलं होतं. मी पोचलो तेव्हा तुझं काम झालं होतं आणि तू त्याच्या मानेवर हात ठेवून पाण्यात पाय सोडून बसला होतास, धापा टाकत. मी म्हटलं, "पोचलास की रे!" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "पोचलो." एवढंच. मला त्या दिवशी वाटलं, दमलाय.

आता काडतुसं. वादाचा विषय तोच, म्हणून तो जरा नीट लिहितो. चिपळूणच्या दुकानात अण्णांच्या रायफलची दोन तऱ्हेची काडतुसं मिळायची. एकाच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं, उघडं. दुसऱ्याची गोळी टोकापर्यंत तांब्याने मढवलेली, कडक. मऊ टोकाची गोळी अंगात शिरली की पसरते आणि जनावर जागच्या जागी बसतं. कडक टोकाची आरपार निघून जाते. जनावर धावतं, खूप धावतं, मग कुठेतरी पडतं. जगातला कुठलाही शिकारी या दुसऱ्या काडतुसाला नाक मुरडतो. आमच्या अण्णांनी मात्र नावं ठेवली ती पहिल्याला. "मऊ टोकाची नकोत रे, दमट लागतात ती, ऐन वेळी फुसकी निघतात." अण्णा म्हणाले म्हणून हाकेकरी म्हणायचे, हाकेकरी म्हणाले म्हणून सगळा गाव म्हणायचा. मऊ टोकाचं काडतूस म्हणजे वाईट, हे आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ. आणि सगळ्यात मोठ्याने म्हणायचास तू.

मी चिपळूणला कॉलेजात होतो तेव्हा अण्णांनी एकदा मला दुकानात बरोबर नेलं. अण्णा बाहेर कुणाशी बोलत होते तेवढ्यात दुकानदार मला म्हणाला, "वडिलांना समजाव जरा. सगळे शिकारी मऊ टोकाची मागतात आणि हे हीच नेतात. याने जनावराचे हाल होतात." मी घरी येऊन अण्णांना तसंच सांगितलं, जरा ऐटीतच. अण्णा पडवीत बसून नळीत तेलाची चिंधी घालत होते. त्यांनी हात थांबवला.

"मला ठाऊक नाय होय?" ते म्हणाले. "मऊ टोकाचं लागलं तर हनीफ पोचायच्या आधी जनावर संपलेलं असतं. मग सगळी मटण ओरपणार आणि त्याच्या पानात काय वाढू? कुळथाची पिठी?"

"मग तसं सांगा की त्याला."

"सांगू? उद्यापासून यायचा बंद होईल. म्हणेल, माझ्यापायी सगळ्यांना ताप. आणि आला तरी घास उतरायचा नाय त्याच्या घशाखाली. बापाविना पोर आहे तो. म्हणून काडतुसंच वाईट. समजलास? डुकराला घालतो मी मऊ टोकाची, त्यात कुणाचा वाटा अडत नाय. हनीफला हे कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की भेकरावर बार टाकला की अण्णा तिकडे बघत नाहीत. खाली बसून पाचोळ्यात रिकामं काडतूस शोधत राहतात. ते त्यांच्या पायाशीच पडलेलं असायचं.

पुढे तू सौदीला आलास, मागोमाग मला ओढून आणलंस. इकाम्याचा राहण्याचा परवाना, लायसन, खोली, सगळं तुझ्या ओळखीने झालं. उन्हाळ्यात पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा माझ्या नाकातून रक्त आलं आणि मी घाबरून म्हटलं, मी परत जातो. तू माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकलास आणि म्हणालास, "खलास, इतक्यात दमलास? भेकराच्या मागे तरी बरा धावायचास!" तो टॉवेल डिझेलच्या वासाचा होता.

अण्णा गेले तेव्हा मला वेळेवर जायला मिळालं नाही, माझा देशाबाहेर पडायचा व्हिसा ऐन त्याच दिवसांत अडकला होता. मी रियाधच्या खोलीत एकटा. वैशाली गावी बाळंतपणाला गेलेली. तू जुबैलहून बसने आलास, दारातच चपला काढल्यास आणि विचारलंस, "तुमच्यात सुतकात काय खातात रे?" तू स्वयंपाकघरात जाऊन तांदळाची पेज केलीस, नुसतं मीठ घातलेली. वाटी माझ्या हातात देऊन तू माझ्याआधी रडलास. मला सख्खा भाऊ नाही, ती उणीव त्या दिवसानंतर मला कधी वाटली नाही. हे मी तुला कधी बोललो नव्हतो. बोललो असतो तर तू माझी टिंगल केली असतीस, पण बोलायला हवं होतं.

आणि त्याच अण्णांना तू अडाणी म्हणालास. ते मला सोसेना.

झालं असं की तुमच्या कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, हौशी शिकारी निघाला, दरवर्षी परवाना काढून परदेशात शिकारीला जाणारा. दोन हिवाळ्यांमागे त्याने तुम्हा काही जणांना वाळवंटातल्या तंबूत जेवायला नेलं. शेकोटीभोवती काडतुसांच्या गप्पा निघाल्या आणि तू तिथे अण्णांची अक्कल पाजळलीस, मऊ टोकाची काडतुसं वाईट म्हणून. बत्हात भेटलास तेव्हा तुझं तोंड उतरलं होतं.

"मना सगळे हसले रे, सद्या. मुदीर म्हणतो, ज्याला सगळे शिकारी शिव्या घालतात ता काडतूस तुमी चांगला म्हणता? जनावर अर्धा डोंगर धावतं, रक्त सांडत. तो म्हणतो, आमी बार टाकताना बिस्मिल्ला म्हणतो, झाला हलाल, सुरीपर्यंत थांबायची गरज नाय. मंग मी उगाच धावलो काय एवढी वर्षं?"

"गावच्या मौलानांनी सांगितलं होतं ना? सुरीच बरोबर."

"वा! तू तर माझ्याहून मोठा मौलवी झालास," म्हणून तू हसलास, आणि मग ते वाक्य टाकलंस. "ता जाऊ दे. पण अण्णांना काडतुसातला ओ की ठो कळत नव्हता, हे कबूल कर."

मी ताट सरकवलं. म्हटलं, "माझ्या बापाला अडाणी म्हणू नकोस."

"मंग सांग ना. फुसकी निघायची ती काडतुसं डुकराला कशी बरोबर लागायची?"

"मला काय माहीत?"

"तुना माहीत नाय?" तू माझ्या डोळ्यांत बघून विचारलंस. मी नजर काढून घेतली आणि पोऱ्याला चहा सांगितला.

त्यानंतर तू हात धुऊन मागे लागलास. कुठून कुठून व्हिडिओ पाठवायचास, ही गोळी बघ कशी पसरते, ही बघ कशी आरपार जाते. खाली लिहायचास, अण्णांना दाखवायला हवा होता. घरी जेवायला आलास तर वैशालीसमोर विषय काढायचास. मी चिडायचो, तू आणखी डिवचायचास. दर वेळी माझ्या जिभेवर यायचं, अरे गाढवा, तुझ्या एका पानासाठी त्या म्हाताऱ्याने सगळ्या गावाला खोटं शिकवलं. आणि दर वेळी मी ते गिळायचो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणं मला जमेना, आणि जिवंत माणसाने त्या मेलेल्याला अडाणी म्हणणंही ऐकवेना. माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी.

उमऱ्याला निघताना तू फोन केलास. तुमच्यात यात्रेला जाताना सगळ्यांची माफी मागतात, तसं तू म्हणालास, "बोलला चालला माफ कर, सद्या." मी म्हटलं, केलं. मग म्हणालास, "आणि अण्णांचा ता काय असेल ता एकदा सांगून टाक बाबा."

मी म्हटलं, "आधी परत तर ये."

यावेळी सांगायचं मी ठरवलं होतं, हनीफ. अण्णांची शपथ घेऊन सांगतो. बत्हात बसायचं नाही, घरीच बोलवायचं, वैशालीला सोलकढी करायला सांगायची आणि सांगून टाकायचं.

नंतर फोन आला तो अनीसचा. तुझा हा मुलगा इथेच रियाधला आयटीत, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो, लहानपणापासून मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. तो म्हणाला, "काका, अब्बा गेले. ऑन द स्पॉट." काबाभोवतीच्या तवाफाच्या फेऱ्या झाल्या, नमाज झाली, हॉटेलवर येऊन पलंगावर बसलास, भाबीला म्हणालास पाणी दे, आणि ती पाणी घेऊन वळेपर्यंत तू नव्हतास. जागच्या जागी. फोन कानाला धरून मला अण्णांचा राग आठवला त्या काडतुसांवरचा. माणूस पोचायच्या आत सगळं संपवणारी काडतुसं. तोवर मला तो राग नुसता ऐकून माहीत होता.

अनीस आणि मी मिळेल त्या विमानाने जेद्दाला उतरलो. भाबीला तिच्या भावाने सकाळीच मक्केहून जेद्दाच्या अझीझियातल्या आपल्या घरी आणून ठेवलं होतं, आणि तो आम्हाला घ्यायला आला होता. त्याने मला विचारलं, "तुम्ही घरी थांबता ना?" मी म्हटलं, गाडी मला जिथवर नेऊ शकते तिथवर येतो. मक्केच्या रस्त्याला लागलो. पुढे एक फाटा येतो, तिथून माझ्यासारख्यांनी वळायचं असतं, वर मोठी पाटी आहे. त्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी उतरलो.

अनीसही खाली उतरला. उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. अण्णा, रायफल, दोन तऱ्हेची काडतुसं, तुझं पान, शपथ, सगळं. उभ्या उभ्या, घाईघाईने, कारण असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेआधी त्यांना पोचायचं होतं. तिशीचा मुलगा, बापाला पुरायला निघालेला, आणि मी त्याला गोळ्यांची टोकं समजावत होतो. तो मला म्हणाला, "काका, यू वाँट मी टू टेल हिम धिस? अबाउट बुलेट्स?"

मी म्हटलं, "हो. माती टाकशील तेव्हा सांग. म्हणावं, अण्णांना सगळं कळत होतं."

त्याने माझा हात दाबला आणि तो गाडीत बसला.

पंपावर चहाची एक खिडकी होती, बाहेर प्लास्टिकची खुर्ची. मी तिथे बसलो. गाड्या येत होत्या, टाक्या भरून त्या फाट्याकडे जात होत्या, एहरामची पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं, बायका, म्हातारे. सगळे तुझ्या दिशेने. पंपावरच्या बंगाली पोराने विचारलं, "भाई, गाडी खराब?" मी म्हटलं, हां. दुसरं काय सांगणार होतो? पंपाच्या मशिदीत असरची अजान झाली तेव्हा मी उठून उभा राहिलो. थोड्या वेळाने वाटलं, इथली तरी मूठभर माती उचलावी, तुझं नाव घ्यावं आणि टाकावी. पण खाली सगळीकडे फरशी होती, आणि फरशीच्या पुढे डांबर. आपलं माणूस गेलं आणि हाताला माती मिळू नये, हे मला फार लागलं. मी तिथे बसून रडलो. त्या पोराने न मागता आणखी एक चहा आणून ठेवला.

ते परतले तेव्हा अनीसच्या पँटला गुडघ्यापर्यंत धूळ होती. मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं काका. मराठीत."

त्याचं मराठी मला ठाऊक आहे. काय नि कसं सांगितलं असेल देव जाणे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही जेद्दाला आलो.

अझीझियात पोचलो. भाबी आतल्या खोलीत. ती आता इद्दतीत आहे, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. माझ्या ताटात जन्मभर जबरदस्तीने वाढत आलेली बाई, आणि परवा तिच्या-माझ्यात अर्धवट लोटलेलं दार होतं. मी बाहेर खुर्चीवर बसलो. ती दाराआडून बोलली.

"सदुभाऊ, अनीस म्हणतो तुमी त्यांना कायतरी सांगायला लावलात."

"हो भाबी."

"त्यांना ठाव होता ता."

मला कळेना ती काय म्हणते.

"लगीन झाला तवाच मना सांगितलेला त्यांनी. ती काडतुसं डुकराला चालतात आणि भेकराला नाय, इतका न कळायला ते काय खुळे होते? एकदा अण्णा बार टाकून खाली बघत बसलेले त्यांनी बघितले, तवाच ओळखला."

"मग मला का छळत होता दोन वर्षं? अण्णांना अडाणी का म्हणत होता?"

"तुमच्या तोंडून ऐकायचा होता. अण्णा होते तवर विचारायची सोय नव्हती, अण्णांना वाईट वाटला असता. म्हणायचे, सद्या चिडला की बोलेल. तो त्याचा बोलला की मी माझा सांगीन."

"त्याचं काय होतं सांगण्यासारखं?"

दाराआड नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं ती रडतेय. मग ती बोलली, नेहमीच्या आवाजात, भाजीत मीठ किती सांगावं तशी.

"भेकराचा मटण त्यांना आवडत नव्हता, भाऊ. वास यायचा त्यांना. घरात मना कधी शिजवू दिला नाय. पण आपण वेळेवर पोचलो नाय तर अण्णांचा तोंड उतरतो, म्हणायचे. म्हणून धावायचे."

अनीसने पाणी आणून दिलं. परतीच्या विमानात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला, लहानपणी झोपायचा तसा, आणि मी रियाध येईपर्यंत हललो नाही.

तू अण्णांना अडाणी समजत नव्हतास, याने माझं अर्धं ओझं उतरलं, हनीफ. हे तुला सांगायलाच हवं. पण उरलेलं अर्धं आता जास्त जड झालंय. मी जागा आहे आणि तोच हिशेब पुन्हा पुन्हा करतोय. अण्णा तुझ्यासाठी ती काडतुसं आणत होते. तू अण्णांसाठी ते मटण गिळत होतास. मी दोघांसाठी गप्प होतो. आणि ती भेकरं, हनीफ, ती बिचारी उगाचच एवढी लांब धावली.